कपाट, टेबल, स्टूल

४ मार्च

ही वही कॅप्टनबाईंच्या हुकमावरून. बाई म्हणजे आमच्या क्लबच्या विमान शिकवणाऱ्या मास्तरीण. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, पण समोर उभ्या राहिल्या की माझा गृहपाठ राहिलाय असंच मला वाटतं. लेकीचं बाळंतपण आहे म्हणून चार महिन्यांसाठी तिच्याकडे निघाल्या आहेत. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "लॉगबुकात माणूस वेळ लिहितो, खरं लिहीत नाही. घरी एक वही ठेवा, तिच्यात चुका लिहा. मला दाखवू नका." जुलैत माझी दर दोन वर्षांनी होणारी उड्डाणाची तपासणी आहे, तेव्हा त्या शेजारच्या सीटवर बसणार.

आता चुका लिहायच्या तर त्या आधी व्हायला हव्यात. आज झाली नाही.

वही उघडलीच आहे तर थोडं माझ्याबद्दल. एकेचाळीस वर्षं सुतारकाम केलं. फर्निचरचा कारखाना आता मुलगा बघतो. मला तिथे जाऊन खोड्या काढायची परवानगी आहे. विमान दोन सीटचं, एका इंजिनाचं, रिकामं असताना माझ्या दोन सागवानी कपाटांच्या वजनाचं. अर्धं माझं, अर्धं नटबोल्टचं. नटबोल्ट म्हणजे धावपट्टीवरचा मेकॅनिक. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवावं लागतं.

एवढ्या छोट्या विमानाला डॉक्टरचा दाखला लागत नाही. गाडीचा परवाना असला की पुरे. फक्त उडण्याआधी क्लबच्या रजिस्टरात 'आज मी उडण्यास योग्य आहे' या रकान्यात सही करायची. कोणी तपासत नाही. सही आपली, मानही आपली.

९ मार्च

उतरताना दणका बसला. विमान टुणकन उडून पुन्हा आपटलं. कारण: धावपट्टीच्या पांढऱ्या रेघा पार विटल्या आहेत. जमीन कुठे आहे ते कळायला नको? घरी हिला सांगितलं तर ही पुटपुटली, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी म्हटलं, अंगण खरंच वाकडं असलं तर?

१३ मार्च

मुलाशी वाजलं. आठ ड्रॉवरचं एक टेबल मी स्वतः केलं होतं. ते त्याने माझ्यामागे उघडून पुन्हा बसवलं. विचारलं तर म्हणे, जरा फट होती. माझ्या सांध्यात फट! आयुष्यभर मी फूटपट्टी खिशात ठेवली ती पाठ खाजवायला. माझा डोळा हीच माझी फूटपट्टी. मग तो हळूच म्हणाला, "बाबा, एकदा डोळे दाखवून घेऊ या का?"

मी जे बोललो ते लिहीत नाही. माझ्या वडिलांनी डोळा दाखवला होता. साठीत. ऑपरेशन झालं, डोळा बिघडला, दुसराही मागोमाग गेला. तसा हात तर शाबूत होता त्यांचा, पण पुन्हा रंध्याला लावला नाही. अकरा वर्षं उंबऱ्यात बसून राहिले, हात मांडीवर ठेवून. घरात सगळ्यांना ठाऊक आहे की हा विषय काढायचा नाही.

१७ मार्च

मुलाशी चार दिवस बोललो नाही. आज बोललो, कारण पॉलिशच्या कंपनीने रंगात काहीतरी पिवळं घालायला सुरुवात केली आहे आणि ते त्याला सांगणं भाग होतं. त्याने मान डोलावली. आजकाल वाद घालत नाही, हे चांगलं आहे.

२२ मार्च

घरात सुधारणांची लाट आली आहे. हिने जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला जाड पांढरी पट्टी चिकटवून घेतली. स्वयंपाकघरातला दिवा बदलला, आता तिथे ऑपरेशन थिएटरसारखा उजेड पडतो. म्हटलं, म्हातारी झालीस, दिसत नाही का? "नाही दिसत," म्हणाली. बिचारी.

धावपट्टीवरही तेच. नटबोल्टने उड्डाणापूर्वीच्या तपासणीची यादी नवी छापून आणली, बोटाएवढ्या अक्षरांत. टाकीच्या तळातून पेल्यात थोडं पेट्रोल काढून पाणी आहे का बघायचं असतं, तेही हल्ली तोच बघतो. मी पेला उजेडात धरला की म्हणतो, "द्या दादा, मी बघतो." पन्नाशीतच म्हातारपणाची काळजी लागली त्याला.

३० मार्च

पुन्हा दणका, यावेळी मोठा. पुढच्या चाकाचा पाय वाकता वाकता वाचला. कारण: सकाळचं ऊन समोरून येतं आणि काचेवर चरे आहेत. नटबोल्ट म्हणाला, काच मागच्याच आठवड्यात नवी बसवली. मग उन्हाची चूक. हिला सांगितलं नव्हतं, पण नटबोल्टच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळी ही नटबोल्टच्या घरी जाऊन आली.

६ एप्रिल

एक गंमत. विमानाच्या शेडमध्ये शिरलो तर ही शिडीच्या पाचव्या पायरीवर बसलेली! ही! चाळीस वर्षांत ही बाई स्टुलावर चढलेली नाही. गच्चीच्या कठड्यापाशी आली तरी हिच्या पाचावर धारण बसते. आणि इथे शिडीला दोन्ही हातांनी मिठी मारून, पांढरीफटक होऊन खाली जमिनीकडे बघत होती, आणि खाली उभा नटबोल्ट म्हणत होता, "आता ही उंची लक्षात ठेवा, वहिनी." मला बघून दोघंही दचकले. ही म्हणाली, जाळी काढतेय. हातात झाडू नव्हता. मी मनात म्हटलं, उतारवयात माणसाला कसले कसले छंद लागतात.

१२ एप्रिल

वहीत आजची तारीख मोठ्या अक्षरात लिहायला हवी. ही माझ्याबरोबर विमानात बसली. स्वतःहून! सकाळी पोळ्या करता करता म्हणाली, "मी येऊ का आज?" माझा विश्वास बसेना. पट्टा मी दोनदा तपासला, दार तीनदा. वर असताना ही एक अक्षर बोलली नाही, डोळे मात्र टक्क उघडे होते. उतरताना अचानक तोंड उघडलं.

"घर," म्हणाली. मग "कपाट." मग "टेबल." मग "स्टूल." आणि चाकं इतक्या अलगद टेकली की पेल्यातलं दूध सांडलं नसतं.

मी विचारलं, हे काय? म्हणाली, खाली किती राहिलं ते मोजते, म्हणजे भीती कमी वाटते. सुताराच्या बायकोने उंची आणखी कशात मोजायची! मला इतकं हसू आलं. इतकं बरंही वाटलं.

२० एप्रिल

पुन्हा दोघं. घर, कपाट, टेबल, स्टूल. पुन्हा लोण्यासारखं उतरलं. यामागचं शास्त्र मला सापडलं आहे. मी एकटा असताना उजवी सीट रिकामी असते आणि वजनाचा तोल बिघडतो. ही बसली की तोल जमतो. नटबोल्टला समजावून सांगितलं, तो म्हणाला असेल बुवा, आणि स्क्रू शोधायला टेबलाखाली गेला.

११ मे

मधले दिवस लिहिलं नाही, कारण चुकाच नाहीत. आता ही प्रत्येक वेळी येते. मी कुणाकुणाला सांगत सुटलोय की बायकोला उडायचं वेड लागलं. क्लबात एकाने विचारलं, वहिनींना आवडतं का हो? मी म्हटलं, आवडतं म्हणजे काय, मी तिला घरी ठेवून येऊच शकत नाही. हे अगदी खरं आहे. परवा तिला ताप होता, मी एकटा जातो म्हटलं, तर उठून चपला घालायला लागली. मीच गेलो नाही मग.

फक्त हल्ली निघायच्या आधी ती बराच वेळ न्हाणीघरात असते आणि येताना तोंड धुऊन येते. बायकांना कुठेही जायचं तर आधी तयारी लागतेच.

२५ मे

कॅप्टनबाईंचं पत्र आलं. नात झाली. खाली एक ओळ: वही चालू आहे ना? मी उत्तरात लिहिलं, चालू आहे, पण लिहायला काही मिळत नाही.

पत्र वाचायला खिडकीत जावं लागलं. बाईंनी शाई फिकी वापरली आहे.

१५ जून

आज जे झालं ते सगळं लिहितो.

सकाळी साडेसात. आकाश स्वच्छ, वारा जवळजवळ नाही. आम्ही दोघं अर्धा तास फिरून उतरायला आलो. सूर्य समोर होता. मला समोर दिसत होता तो एक मोठा दुधी उजेड आणि त्याच्या तळाशी धावपट्टीसारखं काहीतरी करडं. खरं सांगायचं तर गेले कित्येक महिने मला तेवढंच दिसतंय, आणि तेवढंच असतं असं मी धरून चाललो होतो. मी 'घर'ची वाट बघत होतो.

ही म्हणाली, "वर घ्या."

मी म्हटलं, घाबरू नकोस, आता पोचलोच. कारण ही घाबरट आहे. चाळीस वर्षं मी हेच ऐकत आलोय, पंखा नीट लावला का, कठड्यापासून मागे या, हळू चालवा. माझा हात थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाच्या वेगाच्या दांड्यावर होता, पण मी तो हलवला नाही. तिने ओरडायला हवं होतं, कुणीही ओरडलं असतं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी तिला अजून धीर देत बसलो असतो, हे तिला माहीत असावं. दुकानदाराला हिशेब सांगावा तशा आवाजात ती म्हणाली,

"अहो, समोर ट्रॅक्टर उभा आहे. तुम्हाला दिसत नाहीये. मला दिसतोय."

मी थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला. विमानाचं नाक सांभाळलं, घाईने वर खेचलं नाही. तेवढं बाईंनी हाडात भरलंय. विमान चढायला लागलं आणि तेव्हा, आमच्या चाकांखालून जाताना, मला तो दिसला. गवत कापायचा ट्रॅक्टर. लाल टपाचा. टपावर कुणीतरी वाळत टाकलेला टॉवेल होता. ट्रॅक्टरवाला मान वर करून बघत होता. एवढा मोठा लाल ट्रॅक्टर.

वर गेल्यावर आम्ही एक पूर्ण फेरी मारली. पेट्रोल भरपूर होतं, पण किती वेळ फिरणार? उतरायला तर हवंच होतं, आणि आता मला माहीत होतं की मला दिसत नाही. मी विचारलं, "ट्रॅक्टर गेला का?"

"गेला. पट्टी मोकळी आहे."

"सांगशील ना?"

"सांगते."

घर. कपाट. टेबल. स्टूल. दहाव्यांदा तिने मला उतरवलं, आणि ती उतरवतेय हे मला कळून तर पहिल्यांदाच. इंजिन बंद केलं. मी तिचे हात धरायला गेलो, तिने काढून घेतले.

१६ जून

ट्रॅक्टरवाल्याची चूक होतीच. नटबोल्टने त्याला सांगितलं होतं की नऊच्या आत पट्टीवर यायचं नाही, तो लवकर आला. काल दुपारपर्यंत मी याच एका काडीला धरून होतो. मी त्याला झापायला गेलो. तो गरीब माणूस म्हणाला, "चुकलंच साहेब. पण मी तर तुम्हाला लांबूनच बघितलं होतं. म्हटलं, तुम्हीही मला बघितलं असेल."

मी परत आलो.

१७ जून

मुलाला विचारलं, तुला माहीत होतं? तो मला कारखान्याच्या मागच्या खोलीत घेऊन गेला. गेल्या दोन वर्षांत मी केलेल्या वस्तूंपैकी चौदा तिथे होत्या. गिऱ्हाइकाकडे गेल्या त्या त्याने नव्याने बनवलेल्या. मी एका ड्रॉवरच्या सांध्यावर बोट फिरवलं. बोटाला फट लागली. डोळ्यांना अजूनही ती दिसत नव्हती.

मी खूप रागावलो. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला वेड्यात काढलं, म्हणालो. पट्ट्या चिकटवल्या, दिवे लावले, मोठी अक्षरं छापली. नटबोल्टवर ओरडलो, तो रडायलाच लागला. म्हणाला, "दादा, कारखाना सोडल्यावर तुम्ही कसे झाला होतात ते मी बघितलंय. विमान आलं आणि तुम्ही माणसांत आलात. ते कसं काढून घेऊ?" हिच्यावर ओरडायला गेलो. ही पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "मी तुम्हाला मार्चमध्ये सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

याचं उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी तिला घरी ठेवून एकटा उडालो असतो.

२१ जून

कॅप्टनबाई दोन आठवडे आधी आल्या. कुणी कळवलं ते विचारलं नाही. क्लबच्या खोलीत आम्हा तिघांना, मला, हिला आणि नटबोल्टला, शाळेसारखं बाकावर बसवलं. मला वाटलं मलाच बोलतील. मला दोनच वाक्यं बोलल्या. म्हणाल्या, त्या रकान्यात सही तुम्ही केलीत, एकदा नाही, दर वेळी. आणि ती सही करताना मनात काहीच आलं नाही, असं मला सांगू नका.

मी सांगितलं नाही. कारण यायचं. सही करताना माझी मान खाली असायची आणि मी रकाना न वाचता भराभर सही करायचो. चूक म्हणून लिहायची ती हीच, आणि साडेतीन महिने ती या वहीत नाही.

मग त्या या दोघांकडे वळल्या. नटबोल्टला म्हणाल्या, दया आली तर चहा पाजायचा, विमानाची किल्ली द्यायची नाही. हिच्या शेजारी मात्र त्या जाऊन बसल्या. हळू आवाजात विचारलं, "ताई, एखाद्या दिवशी तुम्हालाच चक्कर आली असती तर?"

ही म्हणाली, "मग दोघंही गेलो असतो. ते मी धरलं होतं."

मी बाकाच्या कडेला हात लावून बसलो होतो. हे तिने धरलं होतं, दर आठवड्याला, आणि मी तोलाचं शास्त्र सांगत फिरत होतो.

२३ जून

बाईंनी घडलेलं सगळं लिहून फळ्यावर लावायला सांगितलं, बाकीच्यांनी शिकावं म्हणून. त्यात दोष कुणाचा हे लिहायचं नसतं, काय काय झालं ते ओळीने लिहायचं. मी बोललो, मुलाने लिहून घेतलं. मी म्हटलं, तुझ्या आईचं नाव नको. ही मागून आली आणि म्हणाली, माझंही लिहा. तिने स्वतः सांगितलं: "मला वाटलं मी ह्यांना सांभाळतेय. मी ह्यांची चूक सांभाळत होते, म्हणून ती वाढत गेली." मुलाने मान खाली घालून तेही लिहिलं आणि शेवटी स्वतःचे ड्रॉवरही त्यात घातले. कागद लावला तेव्हा लोक वाचत उभे राहिले. कोणी हसलं नाही. एक तरुण वैमानिक वाचून रजिस्टरापाशी गेला आणि मघाशी केलेली स्वतःची सही खोडून घरी निघून गेला. त्याला सर्दी झाली होती म्हणे.

२ जुलै

डोळ्यांची डॉक्टर. मुलगी माझ्या सुनेच्या वयाची. म्हणाली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा चांगलाच पिकलाय, एवढे दिवस गाडी कशी चालवलीत? मी म्हटलं, गाडी ही चालवते. विमानाचं सांगितलं नाही. मग सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं.

वडिलांचंही सांगितलं. तेव्हाची पद्धत वेगळी होती, आता तसं सहसा होत नाही, म्हणाली. "सहसा" हा शब्द मी घरी घेऊन आलो.

९ जुलै

उद्या उजवा डोळा. भीती वाटते. इतकी की सकाळी मी कारखान्यात जाऊन माझी सगळी हत्यारं हाताने चाचपून लावली, डोळे मिटून, न बघता सापडतात का बघायला. पटाशी बरोबर सापडली, रंधा सापडला, कानस नाही सापडली. मुलगा दारात उभा होता. मग पुढे येऊन कानस माझ्या हाताशी सरकवली. मी म्हटलं, अशी मदत आता बंद. तो हसला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. निदान तेवढं काम तरी ते नीट करतात.

हिला म्हटलं, तू नाही का घाबरत? म्हणाली, ऑपरेशनला काय घाबरायचं, ते जमिनीवर असतं.

११ जुलै

पट्टी काढली. बराच वेळ मी खोलीतल्या चादरीकडे बघत होतो. चादर पांढरी होती. म्हणजे किती पांढरी! पॉलिशच्या कंपनीची मी माफी मागायला हवी.

२८ ऑगस्ट

दुसराही झाला. डॉक्टर खूष. मुलाला घेऊन मागच्या खोलीत गेलो आणि चौदा वस्तू एकेक करून बघितल्या. भयंकर काम. एवढं वाईट काम मी उमेदवारीतही केलं नव्हतं. त्यातलं एक कपाट मी दुरुस्त करायला घेतलं आहे, मागच्या खिशातली फूटपट्टी पुढे आणून.

५ ऑक्टोबर

डॉक्टरांनी विमानाला हरकत नाही असं लेखी दिलं. नियमाने लागत नाही, बाईंनी मागितलं. आणि आज त्यांनी तपासणी घेतली, तीन महिने उशिराने. दीड तास. इंजिन मंद करून कुठे उतराल विचारलं, आडव्या वाऱ्यात उतरायला लावलं, दोनदा अगदी शेवटी "पुन्हा वर" म्हणाल्या. मी पेट्रोलचा पेला उजेडात धरला तेव्हा तळाशी पाण्याचा एक थेंब होता. मटारएवढा. मी बघितला, ओतून टाकलं, पुन्हा काढलं, स्वच्छ येईपर्यंत काढत राहिलो. नटबोल्ट लांब उभा राहून बघत होता. हात पाठीमागे बांधून घेतले होते त्याने.

बाईंनी लॉगबुकात सही केली. म्हणाल्या, पहिल्या दोन वेळा जरा उंचावरच थांबलात, डोळे नवे आहेत, अंदाज बसायला वेळ लागेल. एकट्याने जा, वाऱ्याच्या दिवशी नको. आणि वहीचं विचारलं. म्हटलं, आता लिहायला मिळतं.

१२ ऑक्टोबर

वारा नव्हता. यादी वाचून सगळं दोनदा तपासलं. डावी बाजू झाली, उजवी झाली, मग उजवी सीट पुसून घेतली आणि पट्टा सरळ करून ठेवला. बाईंनी एकट्याने जा म्हटलंय हे आठवलं, म्हणून नटबोल्टला त्यांना विचारायला लावलं. त्या म्हणाल्या, आधी एक फेरी एकट्याने, मग ताईंना घ्या. मी हिला सांगायला गेलो. ही शेडच्या बाहेर बाकावर बसली होती.

म्हटलं, एक फेरी मारून येतो, मग तू ये. आता तुला काही मोजावं लागणार नाही. नुसतं बसायचं, खाली बघायचं. नदी दिसते, आपलं घरसुद्धा दिसतं. मला गच्चीवरचे कपडे दिसतात आता, तुला दाखवतो.

"मी नाही येत," ती म्हणाली.

मला वाटलं रागावली आहे. म्हटलं, अगं, आता मला सगळं दिसतं.

"म्हणूनच," ती म्हणाली. "तुम्हाला दिसतं ना आता? मग मला घाबरू द्या."

आणि मग तिने सांगितलं, भाजीत मीठ किती घातलं हे सांगावं तसं. दहाही वेळा निघायच्या आधी तिला न्हाणीघरात उलटी व्हायची. वर असताना ती गालाचा आतला भाग दातांत धरून ठेवायची, म्हणजे तोंड उघडलं की आकडे बरोबर निघतील. नदी तिने कधी बघितली नाही. घर कुठे दिसतं तेही माहीत नाही. तिने दहा वेळा फक्त जमीन बघितली.

मला काहीतरी मोठं बोलायचं होतं. चाळीस वर्षांत मी तिच्यावर कितीदा हसलो असेन, घाबरट म्हणून. मी तिच्याजवळ बाकावर थोडा वेळ बसलो. मग ती म्हणाली, "जा आता, ऊन वर यायच्या आत." मी उठलो.

रजिस्टरापाशी गेलो, रकाना पूर्ण वाचला, आणि सही केली.

एकट्यानेच गेलो. एक फेरी. उतरताना कॉकपिटमध्ये शांत होतं. जमीन हळूहळू वर आली, आधी गवताचा हिरवा पट्टा, मग गवत, मग एकेक पातं. थोडं उंचावर थांबलो, बाई म्हणाल्या होत्या तसंच, आणि एक हलका टप्पा पडला. वहीत लिहायची चूक: टप्पा. कारण: मी.

विमान शेडपाशी आणून बंद केलं. ही बाकावर धावपट्टीकडे पाठ करून बसली होती. दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरलेली.

"उतरलात का?" तिने न वळताच विचारलं.

मी म्हटलं, "उतरलो."

मग ती वळली.